हिमालयापलीकडची वाट आणि आपल्या हरवलेल्या पोथ्या



गेल्या वर्षावासात आपल्या विहारात संध्याकाळची वंदना झाल्यावर रोज अर्धा तास वाचन होत असे. एक पुस्तक संपले, दुसरे कोणते घ्यावे म्हणून चर्चा झाली आणि आम्ही राहुल सांकृत्यायन यांचे 'तिब्बत में सवा बरस' हे हिंदी पुस्तक पुढे केले. आमचे शिक्षण बेताचे. हिंदी वाचायला शिकलो ते गिरणीत, उत्तरेकडच्या साथीदारांच्या संगतीत. तरी एकेक पान वाचायचो आणि जमेल तसे मराठीत सांगायचो. पोरंसोरंही ऐकायला थांबत. बर्फ, खिंडी, डाकू असे सगळे त्यात आहे. पण एके दिवशी पुढे बसणाऱ्या एका आजींनी मध्येच विचारले, "भाऊ, एवढा बर्फ तुडवून त्यानं आणलं काय, तर कागद. आपल्याला त्याचा काय उपयोग?"

त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. काहीतरी बोलून वेळ मारून नेली. स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून मंडळी आली तेव्हा तोच प्रश्न डोक्यात होता. म्हणून हा लेख.

आधी हे बघितले पाहिजे की आपल्या पोथ्या तिबेटात गेल्या कशा. आठव्या शतकात तिबेटचा राजा ठिस्रोंग देचन याने नालंदेच्या शांतरक्षित या आचार्यांना बोलावून घेतले. त्यांच्या देखरेखीखाली साम्ये येथे तिबेटातला पहिला विहार उभा राहिला आणि तिथेच पहिले सात तिबेटी भिक्षू झाले. मग जवळजवळ चारशे वर्षे ही ये-जा चालू राहिली. एकीकडे भारतीय पंडित बसायचा, दुसरीकडे तिबेटी दुभाष्या, ज्याला ते 'लोचावा' म्हणतात. शब्दाला शब्द जुळवून ग्रंथ उतरायचे. विक्रमशिला विहाराचे आचार्य दीपंकर श्रीज्ञान, ज्यांना अतिश म्हणतात, ते १०४२ साली पश्चिम तिबेटात पोचले तेव्हा त्यांचे वय साठ होते. आपल्याकडे साठाव्या वर्षी माणूस जिना चढताना कठड्याला धरतो. ते हिमालय चढून गेले, बारा वर्षे शिकवले आणि ल्हासाजवळ न्येथांग येथे १०५४ साली तिथेच वारले. परत आले नाहीत.

तिबेटी भाषेत बुद्धवचनाचा जो संग्रह झाला त्याला 'कंजुर' म्हणतात. तो सुमारे शंभर खंडांचा. आचार्यांनी लिहिलेल्या टीका आणि शास्त्रे यांचा संग्रह तो 'तंजुर', तो सव्वादोनशे खंडांचा. यातले बहुतेक सगळे भारतातून गेलेले. आणि भारतात काय राहिले? बाराव्या शतकाच्या अखेरीस आणि तेराव्याच्या सुरुवातीला बिहारमधले मोठे विहार तुर्की स्वाऱ्यांत उद्ध्वस्त झाले. राजाश्रय तर त्याच्या आधीच आटत आला होता. पुढे सहा-सातशे वर्षांत मूळ ग्रंथ इथून इतके नाहीसे झाले की धर्मकीर्ती, असंग, वसुबंधू यांचे कित्येक ग्रंथ आपल्या देशात नुसते नावाने उरले.

इथे एक हकीकत सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही. धर्मस्वामी नावाचा एक तिबेटी लोचावा १२३४ ते १२३६ या काळात भारतात आला होता. तो नालंदेत पोचला तेव्हा तिथे बहुतेक सगळे पडझड झालेले. राहुल श्रीभद्र नावाचे नव्वदीच्या पुढचे एक आचार्य सत्तरएक विद्यार्थ्यांना अजून शिकवत होते. सैनिक येताहेत अशी बातमी आली. बाकीचे पळाले. म्हाताऱ्या गुरूंनी सांगितले, तूही जा. धर्मस्वामी गेला नाही. त्याने गुरूंना पाठीवर घेतले, बरोबर थोडे तांदूळ, साखर आणि काही पोथ्या घेतल्या आणि जवळच्या एका देवळात दोघे लपून राहिले. सैनिक येऊन गेले, हे वाचले. या धर्मस्वामीचे चरित्र तिबेटातच जपून राहिले होते. ते शोधून काढले तेही राहुल सांकृत्यायनांनीच, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर पाटण्याहून १९५९ साली छापून आले. नालंदेच्या शेवटच्या दिवसांची एका डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची साक्ष आपल्याला मिळाली ती अशी बर्फापलीकडून.

आता मूळ प्रवासाकडे वळू.

राहुलजींचे मूळ नाव केदारनाथ पांडे. जन्म ९ एप्रिल १८९३, आझमगड जिल्ह्यातला, ब्राह्मणाच्या घरातला. लहानपणीच घर सोडून पळाले. मठात साधू झाले, ते सोडून आर्य समाजात गेले, तेही मागे पडले. असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेले. १९२७ साली लंकेत विद्यालंकार परिवेणात संस्कृत शिकवायला म्हणून गेले आणि तिथे स्वतः पाली शिकून त्रिपिटक वाचून काढले. तिथे त्यांना कळले की पालीत जे आहे ते अर्धेच. उरलेले तिबेटात आहे. झाले, हा माणूस निघाला. तेव्हा त्यांचे नाव राहुल झालेलेही नव्हते.

पण जायचे कसे? कालिंपोंगवरून तिबेटात जाण्याचा जो सरळ रस्ता, त्यावर इंग्रजांचा परवाना लागे, आणि तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला तो कोण देणार? दुसरी वाट नेपाळमधून. तिथे राणांचे राज्य. बाहेरच्या भारतीय माणसाला काठमांडूत मोकळा प्रवेश मिळे तो फक्त शिवरात्रीला, पशुपतिनाथाच्या यात्रेच्या वेळी. म्हणून १९२९ च्या शिवरात्रीला ते यात्रेकरूंच्या गर्दीत शिरून काठमांडूला गेले. यात्रा संपल्यावर बाकीचे परतले, हे लपून राहिले. बौद्धनाथ स्तूपाजवळ एका लामाच्या गोतावळ्यात मिसळले. अंगावर तिबेटी झगा, पायात तिबेटी बूट, अंघोळ बंद. कोणी विचारले तर किन्नौरकडचा भिक्षू म्हणून सांगायचे, कारण तिकडची माणसे दिसायला भारतीयांसारखी असून धर्माने तिबेटी पंथाची. सरहद्दीच्या चौकीवरून अशा रीतीने ते भोटकोसी नदीच्या काठाकाठाने वर न्यालमला पोचले.

त्यांच्याबरोबर एक मंगोल भिक्षू होता. त्याला राहुलजी सुमती म्हणतात. मनाने चांगला, पण भारी तापट. वाटेत गावोगाव त्याचे यजमान. बोधगयेहून आणलेल्या कापडाच्या चिंध्यांना गाठी मारून तो गंडे करायचा आणि यजमानांना वाटायचा. बोधगयेचे कापड संपले की कुठल्याही कापडाचे गंडे करून तेही बोधगयेचेच म्हणून द्यायचा. हे वाचताना विहारात मोठा हशा झाला. हसणाऱ्यांपैकी दोघा-तिघांच्या दंडाला काय बांधलेले होते ते आम्ही पाहिले, पण बोललो नाही. इथे लिहितो आहोत एवढेच.

न्यालमच्या पुढे थोंगला नावाची खिंड लागते. राहुलजींनी तिची उंची सोळा-सतरा हजार फूट लिहिली आहे. आपले कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातले सगळ्यात उंच, ते साडेपाच हजार फुटांच्या आत आहे. त्याच्यावर आणखी दोन कळसूबाई ठेवल्या तर थोंगला येते. एवढ्या उंचीवर एका श्वासात मुंबईच्या निम्म्याच्या आसपास प्राणवायू मिळतो. चार पावले टाकली की छाती भात्यासारखी होते. पाणी लवकर उकळते पण पुरेसे तापत नाही, त्यामुळे डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत. म्हणून तिथल्या माणसाचे मुख्य अन्न भाजलेल्या जवाचे पीठ, त्याला ते 'त्साम्पा' म्हणतात. म्हणजे आपले सातूच! चहात कालवायचे आणि गोळा करून खायचे. चहाही आपल्यासारखा गोड नव्हे. मीठ आणि लोणी घालून लाकडाच्या उंच नळकांड्यात ताकासारखा घुसळायचा. थंडीत अंगात ऊब राहते ती त्या लोण्याने.

खिंडीची खरी भीती थंडीची नव्हती, माणसांची होती. दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल गाव नाही, नदीच्या वळणांमुळे आणि डोंगराच्या कोपऱ्यांमुळे लांबचे दिसत नाही. बंदुका-पिस्तुले बाळगायला तिथे कायद्याची आडकाठी नव्हती, लोक काठीसारखी बरोबर घेऊन फिरत. डाकू आधी माणूस मारायचे आणि मग त्याच्याजवळ पैसे आहेत का ते बघायचे. मेलेल्याची दाद लागणे कठीण, कारण साक्षीदार कोण? राहुलजींची युक्ती साधी होती. दिसायला भयंकर माणूस समोर आला की टोपी काढायची, जीभ बाहेर काढायची आणि 'कुची कुची' म्हणजे 'दया करा' म्हणून एक पैसा मागायचा. भिकाऱ्याला कोण लुटतो!

खिंड चढायला त्यांनी घोडी केली. राहुलजींच्या वाट्याला आलेला घोडा असा मंद की ते सगळ्यांच्या मागे पडले. माथ्यावर पोचले तेव्हा एकीकडे बर्फाची शिखरांची रांग आणि दुसरीकडे उघडे बोडके डोंगर, त्यांवर ना बर्फ ना झाड. माथ्यावर तिथल्या देवाची जागा, दगडांचे ढीग, जनावरांची शिंगे आणि रंगीत कापडाच्या पताका. उतरताना फाटा चुकले, मैल-दीड मैल भलतीकडे जाऊन परत आले. गावात पोचले तेव्हा सुमती वाट पाहून लाल झालेला. चहा तीन वेळा गरम करून झाला होता म्हणे. राहुलजींनी शांतपणे घोड्याकडे बोट दाखवले. सुमती जेवढ्या लवकर तापे तेवढ्याच लवकर थंड होई.

पुढे तिंग्रीचे मैदान. चौदा हजार फुटांवर सपाट जमीन, चहूकडे डोंगर. तिथून पुढे ओझेवाला मिळेना, तेव्हा आपापले सामान पाठीवर बांधून, हातात काठी घेऊन ते चालले. त्या उन्हाची गंमत त्यांनी सांगितली आहे. सूर्याकडे तोंड केले की कपाळ भाजून निघते आणि त्याच वेळी मागचा खांदा बर्फासारखा गार. हवा विरळ असल्यामुळे ऊन अडत नाही आणि सावलीत ऊब साठत नाही, असे त्याचे कारण.

शेकर येथे एक विहार होता. तिथे हाताने लिहिलेल्या कंजुरच्या १०३ पोथ्या होत्या. एकेक पोथी पंधरा शेरांहून कमी वजनाची नसेल. सुमती यजमानांना भेटायला निघाला. एरवी राहुलजी त्याला अडवत, कारण तो गेला की आठवडा आठवडा परत येत नसे. या वेळी म्हणाले, खुशाल जा. आणि स्वतः पोथ्यांमध्ये बसले.

मग लांबच्या पल्ल्याने शिगात्से. तिथला ताशी ल्हुन्पो हा पंचेन लामांचा मोठा विहार. पुढे ग्यान्त्से, तिथला शेकडो देवळ्यांचा चढत्या मजल्यांचा स्तूप पंधराव्या शतकातला. आणि जुलै १९२९ मध्ये ल्हासा. बारा हजार फुटांवरचे शहर, टेकडीवर पोताला राजवाडा, शहराच्या मध्यभागी जोखांगचे मंदिर, जिथे लोक दारापुढच्या दगडावर लोटांगणे घालून घालून दगड गुळगुळीत झाला आहे. जवळच सेरा, द्रेपुंग, गांदेन हे तीन महाविहार. एकट्या द्रेपुंगमध्ये रूढ आकड्याप्रमाणे ७,७०० भिक्षू. ल्हासात राहुलजींना आसरा दिला तो एका नेवारी बौद्ध व्यापाऱ्याच्या पेढीने. तिथे ते तिबेटी भाषा पक्की करत बसले. त्या हिवाळ्यात नेपाळ आणि तिबेट यांच्यात लढाई जुंपते की काय अशी वेळ आली होती आणि नेपाळी व्यापाऱ्यांच्या दुकानांवर टांगती तलवार होती. तशात हा माणूस रोज शब्दकोश तयार करत होता.

आता या प्रवासातल्या एका गोष्टीवर थोडे थांबायचे आहे, कारण विहारात सर्वांत जास्त बोलणे झाले ते यावर. राहुलजी लिहितात की तिबेटात जातपात आणि शिवाशिव नाही. बाया पडद्यात नाहीत. अगदी खालच्या थरातल्या भिकाऱ्यांना चोरीच्या भीतीने घरात घेत नाहीत एवढेच. एरवी अनोळखी माणूस थेट स्वयंपाकघरात जाऊन आपला चहा घरच्या सुनेच्या किंवा सासूच्या हाती देऊ शकतो आणि ती तो करून देते. हे १९२९ सालचे. त्याच्या दोनच वर्षे आधी महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी आपल्या माणसांची डोकी फुटली होती. म्हणून हे वाचल्यावर सगळे क्षणभर गप्प झाले. एक तरुण म्हणाला, "मग बौद्ध देश असा असतो तर!"

आम्हीही सुरुवातीला तसेच म्हणालो असतो. पण गिरणीत आणि चळवळीत दिवस काढल्यावर माणूस दुसरी बाजू शोधतो. ती त्याच पुस्तकात आहे. तिथली जमीन जहागिरींत वाटलेली, आणि मोठा वाटा मठांचा. मठाची शेती बघायला जो भिक्षू पाठवला जाई तो त्या गावात राजासारखा. कुळांना मजुरी नाही, वेठ. हा वेठीचा शब्द आपल्या महारवतनाच्या पिढीला समजावून सांगायची गरज नाही. आणि दुसऱ्या प्रवाशांच्या वर्णनांत असेही आहे की ल्हासाच्या बाहेर रग्यबा नावाच्या लोकांची वेगळी वस्ती होती. मुडदे उचलून नेणे आणि त्यांची विल्हेवाट लावणे हे त्यांचे काम. लोहारालाही हलके मानत. म्हणजे स्वयंपाकघरात प्रवेश होता, पण गावाबाहेरची वस्तीही होती. हे त्या तरुणाला सांगितले तेव्हा तो हिरमुसला. पण खरे ते सांगितलेच पाहिजे.

आणखी एक मजा. पहिल्या प्रवासात भिकाऱ्याच्या वेषात असूनही थोंगलाच्या अलीकडच्या गावात त्यांना राहायला चांगली जागा मिळाली, कारण सुमतीची ओळख. पाच वर्षांनी त्याच वाटेने ते घोड्यावरून, भल्या माणसासारखे आले तर गावातल्या सगळ्यात गरिबाच्या झोपडीत राहावे लागले. संध्याकाळी छंग म्हणजे जवाची दारू पिऊन लोक शुद्धीवर नसतात, असे कारण ते देतात.

२४ एप्रिल १९३० ला त्यांनी ल्हासा सोडले. लंकेतून पैसे आले होते, त्यातून ग्रंथ आणि चित्रे घेतली. कंजुर-तंजुरचे छापील संच, इतर शेकडो तिबेटी ग्रंथ आणि कापडावरची चित्रे, ज्यांना थंका म्हणतात. नार्थांगच्या छापखान्यात लाकडी ठोकळ्यांवर कोरून हे ग्रंथ छापत. एका पानाला एक ठोकळा, म्हणजे ठोकळ्यांच्या खोल्याच्या खोल्या. हे सगळे सामान २२ खेचरांवर लादून कालिंपोंगमार्गे खाली आले. त्याच वर्षी लंकेत त्यांनी भिक्षूची दीक्षा घेतली आणि राहुल सांकृत्यायन हे नाव घेतले. राहुल हे भगवान बुद्धांच्या पुत्राचे नाव. नालंदेच्या त्या म्हाताऱ्या आचार्यांचेही तेच.

एवढ्यावर समाधान झाले असते तर पुढची गोष्ट घडली नसती. आणलेले ग्रंथ तिबेटी भाषांतरे होती. मूळ संस्कृत ताडपत्रे तिबेटात कुठेतरी असलीच पाहिजेत असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून १९३४, १९३६ आणि १९३८ असे आणखी तीन वेळा ते गेले. १९३४ मध्ये गेंदुन छोम्फेल हा अम्दो प्रांतातला मोठा बुद्धिमान तिबेटी विद्वान त्यांना जोडीला मिळाला. तो पुढे भारतात आला, बारा वर्षे राहिला, आणि त्याने पालीतून धम्मपद तिबेटी भाषेत नेले. म्हणजे देणे-घेणे दोन्हीकडून झाले. १९३८ मध्ये तर छायाचित्रकार आणि चित्रकार बरोबर होते.

साक्य, शालू, न्गोर हे मठ शिगात्सेच्या आसपासच्या प्रदेशातले. साक्यची स्थापना १०७३ सालची. उंची पुन्हा चौदा हजार फूट. ज्या खोल्यांत ताडपत्रे होती त्या कुलूपबंद. किल्ली एकाकडे, परवानगी दुसऱ्याकडे, आणि उघडताना जबाबदार माणूस हजर पाहिजे. आत धूळ. कोणी ती पुस्तके वाचत नव्हते, कारण ती लिपी वाचणारा तिथे कोणी उरला नव्हता. पण फेकलीही नव्हती. पवित्र म्हणून ठेवून दिली होती, सातशे-आठशे वर्षे.

ती टिकली कशी, याचे कारण साचेखात्यात काम केलेल्याला लगेच कळेल. खात्यात हवेत ओल सोडावी लागते, कारण हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटते. तीच ओल कापसाच्या गाठींना बुरशी आणते. तिबेटची हवा थंड आणि कोरडी. सूत विणायला ती वाईट. पण ताडपत्राला त्या हवेत बुरशी नाही, वाळवी नाही. बिहारच्या पावसात जे दोन-तीनशे वर्षांत कुजले असते ते तिथे जसेच्या तसे राहिले.

आणि काय काय निघाले! असंगाचा योगाचारभूमी. वसुबंधूचा अभिधर्मकोश, त्याच्या भाष्यासकट. धर्मकीर्तीच्या प्रमाणवार्तिकावरच्या टीका आणि प्रज्ञाकरगुप्ताचे मोठे भाष्य. मठवाले ताडपत्रे विकत नव्हते, आणि त्यांनी विकू नयेत हेच योग्य होते असे आमचे मत आहे. म्हणून राहुलजींनी काही हाताने उतरवून घेतली, बाकीच्यांची छायाचित्रे घेतली. त्या थंडीत शाई गोठते, बोटे वळत नाहीत, आणि अक्षर जुन्या वळणाचे. दिवसच्या दिवस बसून लिहायचे. खिंडी चढण्यापेक्षा हे काम अवघड असे आम्हाला वाटते. चढणाऱ्याला निदान माथा दिसतो.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. धर्मकीर्ती हे सातव्या शतकातले, दक्षिणेतून नालंदेला गेलेले आचार्य. तर्कशास्त्रात त्यांच्या तोडीचा माणूस त्या काळात नव्हता; पुढची पाचशे वर्षे ब्राह्मणी पंडित त्यांना उत्तरे देत बसले होते. प्रमाणवार्तिकाच्या पहिल्या भागावर त्यांनी स्वतःच टीका लिहिली, आणि तिच्या शेवटी बुद्धी गंजल्याच्या पाच खुणा सांगितल्या आहेत. वेदाला प्रमाण मानणे, जगाला कोणी कर्ता आहे असे धरणे, स्नानाने पुण्य मिळते असे समजणे, जातीचा गर्व करणे आणि पाप जाईल म्हणून शरीराला यातना देणे. आजीबाई, जातीचा गर्व! हे तेराशे वर्षांपूर्वी नालंदेच्या माणसाने लिहून ठेवले होते. ती टीका राहुलजींनी कर्णकगोमीच्या विवरणासह १९४३ साली अलाहाबादला छापून प्रसिद्ध केली. जातीला विरोध ही साहेबांच्या शाळेतून आलेली कल्पना आहे असे जे आपल्याला सांगत आले, त्यांच्यापुढे ठेवायला हा कागद आहे.

बाकीच्या पोथ्यांचेही काम पाटण्याला आणि आपल्या महाराष्ट्रातही झाले. पुण्याचे प्रा. वा. वि. गोखले यांनी राहुलजींनी आणलेल्या छायाचित्रांवरून अभिधर्मकोशाच्या मूळ कारिका १९४६ साली छापून आणल्या. संपूर्ण भाष्य प्रल्हाद प्रधान यांनी संपादित केले, ते १९६७ मध्ये पाटण्याहून निघाले. गोखले आणि पु. वि. बापट या दोघांनी विनयसूत्राचेही संपादन केले. म्हणजे न्गोरच्या कुलूपबंद खोलीतले ताडपत्र पुण्यात टेबलावर आले. आपल्या वस्तीपर्यंत मात्र ते पोचायला अजून मराठी भाषांतर पाहिजे, ही खंत आहेच.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९५९ नंतर आणि विशेषतः १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत तिबेटातले बहुतेक मठ पाडले गेले. शेकरचा विहार उद्ध्वस्त झाला, गांदेन उद्ध्वस्त झाले, नार्थांगचे लाकडी ठोकळे गेले. साक्यचा एक भाग पडला, एक वाचला. ताडपत्रांपैकी बरीच बीजिंगला नेली गेली होती, ती १९९३ च्या सुमारास ल्हासाला परत आली. पण मधली तीसएक वर्षे जगातल्या अभ्यासकांना हाताशी होती ती राहुलजींची छायाचित्रे आणि हाताने उतरवलेल्या प्रती. आमच्यासारखा लाल बावट्याखाली उभा राहिलेला माणूस हे लिहिताना जरा अडखळतो. राहुलजी स्वतः १९३९ मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले, त्याच वर्षी बिहारात अमवारीच्या शेतकऱ्यांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. पोथ्या फोडणारे पण लाल झेंड्याचेच होते, हे लपवून चालणार नाही.

राहुलजींचे जवळचे मित्र भदन्त आनंद कौसल्यायन. लंकेत दोघे बरोबर होते. आनंदजी नंतर वर्ध्याला आणि मग नागपूरला राहिले, बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे हिंदी भाषांतर त्यांनी केले, १९८८ साली नागपूरलाच वारले. आपल्यातल्या कित्येक वडीलधाऱ्यांनी त्यांना ऐकले आहे. तेव्हा राहुलजी आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. १९४७ साली मुंबईत हिंदी साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्षही तेच होते.

अखेरची वर्षे वाईट गेली. पंचवीस-तीस भाषा जाणणाऱ्या या माणसाची स्मृतीच गेली. औषधोपचारासाठी १९६२ मध्ये मॉस्कोला नेले, उपयोग झाला नाही. १४ एप्रिल १९६३ रोजी दार्जिलिंगला ते वारले. आपल्या वस्त्यांत त्या दिवशी जयंतीच्या मिरवणुका निघाल्या असतील, आणि कोणाला बातमीही लागली नसेल.

आजींना हे सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "त्या पाच गोष्टी मला मोठ्या अक्षरात लिहून दे." त्याप्रमाणे लिहून दिल्या आहेत. त्यांच्या घरी कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या आहेत, कोणाला बघायच्या असतील तर.

जाता जाता एक विनंती. विहाराच्या कपाटातली 'तिब्बत में सवा बरस'ची प्रत वर्षावासानंतर कोणीतरी वाचायला नेली आहे. पहिली दोन पाने सुटी आहेत, ती सांभाळून ठेवावीत आणि वाचून झाल्यावर पुस्तक परत आणून द्यावे. यंदा थोंगलाच्या पुढून वाचायचे आहे.